सुकडीच्या पोत्याचा नाडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी मला माझाच राग येतो. नोकरीत लहानमोठे पुष्कळ तपास केले. काहींबद्दल शाबासकी मिळाली, काहींबद्दल शिव्या खाल्ल्या. या प्रकरणात मात्र तपास दुसऱ्यांनी केला आणि मी तो लिहून घेतला. म्हणून तो सांगायचा. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली बरीच माणसं आता राहिली नाहीत, पण त्यांची नातवंडं त्याच गावात नांदताहेत.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. मी मूळचा बेलापूरकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. आमच्याकडे उन्हाळ्यातही उसाच्या सरीत पाय ओले व्हायचे. इथं ठाण्याच्या आवारातला आडसुद्धा आटला होता. एक जमादार, सात शिपाई, दोन सायकली आणि एक लोखंडी कपाट एवढा आमचा संसार. कपाटात हिस्ट्रीशीटांचं बाड होतं आणि त्यात निम्म्याहून अधिक नावं पारध्यांची होती. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन वीस वर्षं झाली होती, पण ते त्या कपाटाला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

हद्दीत चोरी झाली की काय करायचं, हे जमादारानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "साहेब, आधी पारधी आणायचे. चोरी कशी झाली ते मग निवांत बघायचं." तो वाईट माणूस नव्हता. त्याला त्याच्या वरच्यानं हेच शिकवलं होतं. मीही शिकलो, आणि फार लवकर शिकलो.

एका सकाळी हद्दीतल्या एका गावचा बागायतदार ठाण्यात आला. त्या सालात बागायतदार म्हणजे ज्याच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं तो. पंचायतीत त्याचा शब्द चालायचा. त्याची फिर्याद अशी, की रात्रीतून चोरट्यांनी विहिरीच्या आतल्या ओट्यावर बसवलेलं त्याचं ऑईल इंजिन दोर लावून वर काढलं आणि नेलं. दोराचा तुटलेला तुकडा काठावर पडला आहे. "हा दोर माझ्या मळ्यातला नाही, चोरट्यांचाच आहे," असं त्यानं स्पष्ट सांगितलं, आणि मी ते त्याच्या शब्दांत लिहून घेतलं. संशय कुणावर, असं विचारल्यावर तो अडखळलासुद्धा नाही. त्याच्या मळ्याला लागून गावाचं गायरान होतं. त्या चराऊ रानात पारध्यांच्या सहा झोपड्या होत्या. त्यातल्या एका कर्त्या माणसाचं नाव त्यानं घेतलं.

मी जागेवर गेलो, पंचनामा केला. नाडा म्हणजे मोटेला किंवा जड वस्तू ओढायला लागतो तो जाड दोर. त्याचा दोन वाव, म्हणजे बाराएक फूट लांबीचा तुकडा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला, चिठ्ठी बांधली आणि कपाटात टाकला. मग पारध्याला आणायला गेलो. तो गावाबाहेरच्या दुष्काळी कामावर, खडीच्या केंद्रावर होता. हातात हातोडा, समोर खडीचा ढीग, शेजारी बायको. आम्हाला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. काय झालं, असं त्यानं विचारलंही नाही. ते बघून मला वाटलं, हाच चोर. निर्दोष माणूस ओरडतो, अशी माझी समजूत होती. ज्याला दहा वेळा विनाकारण नेलं आहे तो ओरडायचं कधीच सोडून देतो, हे मला पुढं समजलं.

बायको आमच्या मागून ठाण्यापर्यंत चालत आली. दारातून म्हणाली, "सायेब, त्यो दोर कुनाचा हाय त्ये तर इचारा. आमाला तित्तराला फास लावता येतो, दोर वळाया न्हाई येत."

जमादारानं तिला हाकललं. मी त्याला थांबवलं नाही.

पुढच्या दोन दिवसांचं खोटं लिहायचं म्हटलं तर सोपं आहे. मी हात लावला नाही, असं लिहून मोकळा होईन. ते खरंही आहे. हात जमादारानं लावला, आणि मी बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार घाम पुसत आला. "कबूल झाला, साहेब." पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही. आरोपीनं दाखवलेल्या जागेतून मुद्देमाल निघाला तरच तिला किंमत. म्हणून त्याला घेऊन निघालो. त्यानं ओढ्यातला एक खड्डा दाखवला. तो रिकामा होता. मग एक पडकी विहीर दाखवली, तीही रिकामी. तिसऱ्या विहिरीच्या काठावर मी चिडून ओरडलो. तो माझ्या तोंडाकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "सायेब, आता कोन्ची हीर दावू? तुमीच सांगा. तुमी म्हनाल ती दावतो."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. ज्यानं इंजिन नेलंच नाही, तो ते दाखवणार कुठून? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचं काम मी सरकारी शिक्क्यानिशी करत होतो. पण रिमांड मिळालेला होता, डायरीत 'आरोपी कबूल' असं लिहून झालं होतं, वरिष्ठांना कळवलं होतं. मुदत संपली आणि त्याला तालुक्याच्या सबजेलमध्ये पाठवलं.

त्याच आठवड्यात पंचायतीचा ठराव माझ्या टेबलावर आला. गावात चोऱ्या वाढल्यामुळे गायरानावरच्या पारध्यांच्या झोपड्या उठवण्यात याव्यात, आणि त्या दिवशी पोलिसांनी बंदोबस्त द्यावा. पंधरा दिवसांची मुदत. ठरावावर पहिली सही बागायतदाराची. इंजिन शोधा असा एकही निरोप त्यानं तोवर मला पाठवला नव्हता. इंजिनाची त्याला काळजी दिसत नव्हती, घाई होती ती झोपड्यांची, आणि त्यांच्याखालच्या, त्याच्या मळ्याला लागलेल्या जमिनीची.

तेव्हा मला पारध्याच्या बायकोचं बोलणं आठवलं. मी कपाटातून नाडा काढला आणि टेबलावर पसरून नीट पाहिला. पंचनाम्यानंतर मी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आमच्याकडचा नाडा अंबाडीचा असायचा. हा वेगळा होता. तीन पेडांपैकी दोन घायपाताचे, पांढुरके आणि खरखरीत. तिसरा पेड तागाचा, जुना, आणि त्यात मधूनच एक हिरवा धागा दिसत होता.

त्या गावात दोर वळणारं एकच घर होतं, मातंगवाड्यातल्या एका म्हाताऱ्याचं. गावाला दावी, कासरे, नाडे तोच द्यायचा आणि त्याबदली सुगीत बलुतं घ्यायचा. मी साध्या कपड्यांत त्याच्याकडे गेलो. तो चऱ्हाट वळत बसला होता. मी तुकडा पुढं केला. त्यानं तो हातात घेतला, सवयीनं अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतून सरकवत नेला. हिरव्या धाग्यापाशी बोटं थांबली. मग जरा घाईनंच पुढं गेली.

"वळखीचा न्हाई, सायेब," तो म्हणाला.

"नीट बघ बाबा."

"बगितला की. दोर म्हंजी दोर. त्यात काय वळखायचं?"

आयुष्यभर दोर वळलेला माणूस असं म्हणतो, याचाच अर्थ तो घाबरला आहे. तोंडाला खोटं बोलता येतं, कामाच्या हाताला येत नाही. मी दम दिला नाही. दम देऊन मिळवलेल्या कबुलीची चव नुकतीच घेतली होती. एवढंच म्हणालो, "तिकडं एक माणूस जेलात बसलाय, आणि त्याच्या लोकांच्या सहा झोपड्या उठायच्यात. माझ्याकडं दहा दिवस आहेत." आणि निघून आलो. तुकडा घेऊन दारोदार हिंडणारा फौजदार गावानं पाहिला, ते बागायतदाराला संध्याकाळपर्यंत कळलं असणारच. पण इलाज नव्हता.

त्यानंतर पाच दिवस काहीच घडलं नाही. सहावा दिवस बाजाराचा. ठाण्यासमोरचा रस्ता माणसांनी भरलेला. त्या गर्दीतून चौघं जण सरळ ठाण्याच्या ओट्यावर आले. पुढं पारध्याची बायको. तिच्यामागं दोर वळणारा म्हातारा. तिसरा खडी केंद्रावरचा हजेरी कारकून, नवबौद्ध समाजातला, मॅट्रिक झालेला तरुण. चौथा वडारांच्या टोळीचा नायक, विहिरी खोदणारा, काळाकभिन्न आणि दांडग्या अंगाचा.

मी थक्क झालो. त्या भागात ही चार माणसं एका ओळीत उभी असलेली मी पाहिली नव्हती, आणि जमादारानंही पाहिली नव्हती. महारवाडा आणि मातंगवाडा एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. दोघं मिळून पारध्याला दारात उभं करत नसत. वडार आपल्या पालाच्या बाहेर कुणाशी फारसं बोलत नसत. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी आपसांत आणखी वेशी बांधल्या होत्या.

"आज भर बाजारात कशाला आलात? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो," मी म्हणालो.

कारकून म्हणाला, "साहेब, लपून आलो असतो तर लपूनच मारलं असतं. आता सगळ्या बाजारानं पाहिलंय."

मी त्यांना आत घेतलं. कारकून म्हणाला, जबाब चौघांचा मिळून एकच लिहा. कायद्यात ते बसत नाही, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब वेगळाच घ्यावा लागतो, हे मी समजावलं. म्हातारा लगेच उठला. "मंग म्या जातो. येकट्यानं बोलायचं नव्हतंच आमचं." पारध्याची बायको त्याच्या वाटेत उभी राहिली. कारकुनानं तोडगा काढला. "जबाब वेगळे घ्या साहेब, पण दार उघडं ठेवा. बाकीचे समोर ओट्यावर बसतील. दिसत राहिलं म्हणजे झालं." त्याला माझी हरकत नव्हती.

पहिला कोण, यावर कुजबुज झाली. कारकूनच पुढं आला. म्हणाला, "आधी माझ्यावर लिहा. माझा गुन्हा लिहिला तरच यांचं बोलणं खरं ठरेल."

खडी केंद्रावर मजुरांना सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी कोरडा खाऊ, वाटायची, ती तागाच्या पोत्यांतून यायची. पोत्याला कडेनं हिरवी रेघ. रिकामी पोती मोजून परत करायची असा नियम. दुष्काळात अंबाडी पिकली नव्हती, दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याला वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, मिळेना. कारकुनानं त्याला चार फाटकी पोती दिली होती, कुणालाही न विचारता. सरकारी माल बाहेर दिला, हे तो स्वतःच्या तोंडानं फौजदारापुढं सांगत होता. नोकरी जाईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या घरात कमावणारा तो एकटा होता.

त्यानंतर म्हातारा आला. आधी ओट्याकडे एकदा बघून घेतलं. "त्या पोत्यांचा येकच नाडा झाला, सायेब. दोन पेड घायपाताचं, येक पोत्याचं. आन् त्यो म्या बागायतदाराच्या वाड्यावर नेऊन दिला. दुसऱ्या हिरीतला मुरूम वर काडायला पायजे म्हनला हुता. माझ्या हातचा पीळ हाय त्यो. पोर वळखावं तसा वळकतो म्या त्याला."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"त्या दिशी म्या येकटा हुतो की."

वडार नायकाचं बोलणं तुटक होतं. बागायतदाराची दुसरी विहीर खोल करायचं काम त्याच्या टोळीकडे होतं. त्याच नाड्यानं ते मुरूम वर काढत. फिर्यादीच्या आदल्या दिवशी दुपारी बागायतदारानं अचानक काम थांबवलं, टोळीला घालवून दिलं आणि नाडा ठेवून घेतला. "पानी लागाया आलं हुतं, सायेब. ओल दिसत हुती. आन् ह्यो म्हनतो, बंद करा."

त्या एका गोष्टीवर माझी खात्री पटली. त्या उन्हाळ्यात ओल लागलेल्या विहिरीचं काम थांबवणारा माणूस मी कुठंच पाहिला नव्हता. ती विहीर त्याला रिकामी हवी होती.

ही चौघं एकत्र कशी आली, हे मला त्याच बैठकीत तुकड्यातुकड्यानं कळलं. नवऱ्याला नेल्यावर पारध्याची बायको कामावर येत राहिली. सहाही झोपड्यांची नावं हजेरीपटावरून काढा, असा निरोप बागायतदाराच्या माणसानं कारकुनाला दिला. कारकुनानं ती काढली नाहीत. तिनं ते पाहिलं आणि दुपारच्या सुट्टीत सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. मी म्हाताऱ्याकडे दोर घेऊन गेलो ही बातमी केंद्रावर आली, तेव्हा पोती कुठली हे कारकुनाला लगेच उमजलं. गप्प बसला असता तर त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. तो म्हाताऱ्याकडे गेला, आणि म्हाताऱ्यानं त्याला वडाराचं नाव सांगितलं. वडार म्हणाला, मी येतो, पण तुम्ही आयत्या वेळी मागं सरणार नाही याची खात्री काय? तेव्हा खडीच्या ढिगापाशी, भर दुपारी सगळ्या मजुरांच्या देखत, चौघांनी एका घमेल्यात सुकडी घेतली आणि एका डेऱ्यातलं पाणी पिऊन ती खाल्ली.

"माझी म्हातारी तवापासनं बोलत न्हाई माझ्याशी," दोर वळणारा म्हणाला. "म्हनती, म्हाराबर जेवलास त्ये जेवलास, पारद्याबर बी?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं, तू बी चल उंद्या. सुकडी लई हाय."

सगळे हसले. पारध्याची बायकोही हसली. तिला हसताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

मी वेळ घालवला नाही. मागं फिरायला कुणाला जागा राहू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी तिघांचे जबाब तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतले. तिथून पंच घेऊन थेट बागायतदाराच्या दुसऱ्या विहिरीवर गेलो. वडार नायक दोराला धरून आत उतरला. तळाशी काटेरी फांद्या होत्या, त्याखाली मुरूम, त्याखाली ताडपत्री. ताडपत्रीखाली इंजिन.

बागायतदार काठावर उभा होता. घाबरलेला नव्हता. "बघा साहेब, केवढा बेरकी पारधी. माझाच माल माझ्याच हिरीत लपवला."

मी त्याला त्याच्या ओसरीवर नेऊन बसवलं. चहा आला. मी तो घेतला नाही. फिर्याद काढून त्याला वाचून दाखवली. हा दोर माझ्या मळ्यातला नाही. हे वाक्य तुमचंच ना? हो. सही तुमची? हो. मग मी तुकडा पुढं ठेवला आणि हिरव्या धाग्याबद्दल सांगितलं. पोतं कुठून आलं, पीळ कुणाचा, मुरूम कुणी काढला, काम कधी थांबवलं. कधी कुणाच्या घरी दोर कसा वळतात हे पाहायला तो बसला नव्हता. विहिरीच्या काठावर टाकायला त्याला एक दोर हवा होता, आणि त्यानं हाताला लागला तो टाकला. दोर वळणाऱ्याला बलुतं देतो म्हणजे त्याचं तोंडही आपलंच, हा त्याचा हिशेब चुकला. शेवटी म्हणाला, "फौजदारसाहेब, तुम्हीही शेतकऱ्याचंच पोर. ह्या लोकांसाठी आपल्या माणसाला बुडवणार?"

मी म्हणालो, "तुम्ही मला आपलं समजलात म्हणूनच तर मी पहिल्या दिवशी तुमचं सगळं खरं धरलं." हे त्याला लागलं की नाही माहीत नाही, मला लागलं.

पुढची लढाई कागदाची होती. तपास बंद करताना न्यायालयाकडे समरी पाठवावी लागते. सी समरी म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, काहीतरी गैरसमज. बी समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. वरिष्ठांनी मला बोलावून सी समरी पाठवायला सांगितलं. इंजिन मिळालं, पारधी सुटेल, गावात शांतता राहील, तुमचंही बरं होईल. सांगणं समजुतीचं होतं. पण सी समरी गेली असती तर पारध्यावरचा संशय तसाच राहिला असता आणि पंचायतीचा ठरावही. मी बी समरी पाठवली. वरिष्ठ माझ्याशी दोन महिने कामापुरतं बोलले. न्यायालयानं ती मंजूर केली, पारधी सुटला, आणि खोट्या फिर्यादीबद्दल बागायतदारावर खटला दाखल झाला. तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि शेवटी किरकोळ दंडावर मिटला, हेही सांगून टाकतो.

पारधी सुटला त्या दिवशी मी त्याच्या झोपडीवर गेलो. माझी चूक झाली, असं म्हणालो. बायको म्हणाली, "चूक झाली म्हंता, पर कपाटातलं नाव काडाल का?" नाव काढणं माझ्या हातात नव्हतं. मी तसा अहवाल वर पाठवला. उत्तर आलं नाही. जमादाराला मात्र मी बजावलं, की यापुढं आधी चोरी बघायची.

प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण बागायतदाराची माणसं गप्प बसणारी नव्हती. त्यांनी दोन गोष्टी केल्या. मामलेदारांकडे नवा अर्ज दिला, की चोरीचं राहू द्या, पण हे पारधी फिरस्ते आहेत, गावात त्यांच्या राहण्याचा कसलाही पुरावा नाही, म्हणून गायरान मोकळं करावं. आणि खडी केंद्र चालवणाऱ्या बांधकाम खात्याकडे जाऊन पोत्यांचं प्रकरण उकरलं. खात्यानं माझ्याच ठाण्यात कारकुनावर फिर्याद दिली. सरकारी पोत्यांचा अपहार. मला ती घ्यावीच लागली. ज्यानं 'आधी माझ्यावर लिहा' असं म्हटलं होतं, त्याच्यावर मी लिहिलं. इतकी लाज मला दुसऱ्या कुठल्या कामाची वाटली नाही.

गुन्हा जामीनपात्र होता, म्हणजे ठाण्यातच जामिनावर सोडता येत होतं. जामीनदार आणा म्हटल्यावर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं उभी राहिली. दोन्ही वाड्यांतली, वडारांच्या पालावरची, गायरानावरची. दोर वळणाऱ्याची म्हातारीही आली होती. त्यातून पारधी पुढं आला. "म्या ऱ्हातो जामीन."

जमादार खो खो हसला. ज्याचं हिस्ट्रीशीट कपाटात, तो दुसऱ्याचा जामीनदार! मी म्हाताऱ्याकडे वळलो. "तुझं गावात घर आहे ना? तू राहा."

"घर हाय, सायेब. पन आमचं ठरलंय. ह्योच ऱ्हानार."

मला कळेना. मी आत बसलेल्या कारकुनाकडे पाहिलं. तो शांत होता. म्हणाला, "जामीनदार खात्रीचा आहे की नाही, हे ठरवणं तुमच्या हातात आहे ना, साहेब?"

ते माझ्याच हातात होतं. माणूस पळाला तर जबाब मी देणार होतो. मी जामीनपत्राचा कोरा कागद घेतला, पारध्याला समोर बसवलं आणि एकेक रकाना भरायला लागलो. नाव. वडिलांचं नाव. धंदा, मजुरी. मग 'राहणार' हा रकाना आला आणि माझी लेखणी थांबली.

कारकून हळूच म्हणाला, "तेवढं नीट लिहा, साहेब. सगळं लिहा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्यावर गुन्हा नोंदला होता, त्याची नोकरी टांगणीला लागली होती, आणि हा मुलगा स्वतःच्या जामिनातून दुसऱ्याच्या झोपडीला कागद मिळवून देत होता. मी लिहिलं: राहणार, अमुक गाव, गावाचं गायरान, सहा झोपड्यांची वस्ती, पूर्वेकडून दुसरी झोपडी. खाली पारध्याचा अंगठा घेतला, माझी सही केली, ठाण्याचा शिक्का मारला.

"याची नक्कल मिळेल ना?" कारकुनानं विचारलं.

"अर्ज कर," मी म्हणालो. अर्ज त्याच्या खिशात तयार होता.

महिन्याभरानं मामलेदारांच्या कचेरीत सुनावणी झाली. चारही समाजांनी मिळून दिलेल्या अर्जाला ती नक्कल जोडलेली होती. मामलेदारांनी कागद उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "हे तुमचं अक्षर? पारध्याला जामीनदार घेतलंत तुम्ही?"

मी म्हणालो, "त्याच्याहून खात्रीचा माणूस मला त्या गावात सापडला नाही."

झोपड्या राहिल्या. कारकुनावरचा गुन्हा टिकला नाही, खात्यानं ताकीद देऊन त्याला पुन्हा कामावर घेतलं. पुढच्या पावसाळ्यात माझी बदली झाली.

पुढं नव्या फौजदारांना शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना पंचनामा, रिमांड, समरी सगळं शिकवलं. हे प्रकरण मात्र शेवटी सांगायचो आणि कुणी विचारलं की यातून काय शिकायचं, तर म्हणायचो, भिणाऱ्या माणसाला एकट्याला गाठू नका, त्याच्याबरोबर आणखी कोण भीत आहे ते शोधा. खरं त्या गावात पहिल्या दिवसापासून होतं. थोडं कारकुनाकडे, थोडं दोर वळणाऱ्याकडे, थोडं वडाराकडे, आणि ते हुडका म्हणून एक बाई माझ्या दारात ओरडत होती. ते गोळा करायचं काम सरकारनं मला दिलं होतं. केलं त्यांनी, आणि पगार मी घेतला.